दुसरी बॅटरी घेण्याआधी केबलचा विचार करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडी नवी डिझेल फोर-बाय-फोर, मागे ४०-४५ लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज, कॅम्पवर एलईडी दिवे, फोन आणि कॅमेऱ्याचं चार्जिंग. गाडी एका जागी दोन रात्री उभी राहणार. मेकॅनिक म्हणतो, बोनेटखाली १०० एएचची (अँपियर-तास, म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप) दुसरी बॅटरी बसवू, दोन्ही बॅटऱ्यांच्या मध्ये एक सोलेनॉइड (इंजिन चालू असताना दोन्ही जोडणारा विजेवरचा स्विच) टाकू, झालं काम. जमलं तर विंचही (अडकलेली गाडी ओढून काढणारी विजेची चरखी) त्याच बॅटरीवर घ्यायचा तुमचा विचार आहे.

दुसरी बॅटरी जरूर बसवा, पण या पद्धतीने नको. बॅटरी हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. ती दुकानातून आणता येते आणि चुकली तर बदलता येते. तिच्यापर्यंत करंट कसा पोचणार, वाटेत फ्यूज कुठे असणार आणि खडकाळ रस्त्यावर ती जागेवर कशी राहणार, यातच खरं काम आहे. गाडीला आग लागते तीही याच भागातल्या हयगयीमुळे.

आधी वापराचा हिशोब करू. तुमच्या आकाराचा फ्रिज कॉम्प्रेसर चालू असताना साधारण ४ अँपियर घेतो. कॉम्प्रेसर सतत चालत नाही. बाहेर बरं हवामान असेल तर वेळेच्या ४० टक्के धरा, म्हणजे दिवसाला ३८-४० एएच. कडक उन्हात बंद गाडीत ठेवला तर हाच आकडा ५५-६० वर जातो. दिवे चार तास लावले तर ४-५ एएच, चार्जिंगला आणखी ५-१० धरा. म्हणजे दिवसाला सरासरी ५० एएच. संध्याकाळी पोचून परवा सकाळी निघायचं, तर साधारण ३६ तास होतात आणि एकूण गरज ७५ ते ८० एएचवर जाते.

आता १०० एएचच्या लेड-ॲसिड बॅटरीतून, मग ती साधी असो वा एजीएम (ॲसिड आत शोषून धरलेली, सीलबंद जात), निम्मीच क्षमता वापरायची असते. त्याखाली वारंवार उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने कमी होतं. म्हणजे हातात ५० एएच. गाडी उभी आणि सोलर नाही, तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या सुमारास तुमचा हिशोब तुटतो. मेकॅनिकने सुचवलेल्या योजनेत हे कुठेच आलेलं नाही. यावर उपाय दोन आहेत. १०० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या, तिच्यातून ८०-९० टक्के बिनदिक्कत काढता येतात. नाहीतर एजीएमच ठेवून १०० ते १२० वॅटचं सोलर पॅनल जोडा. स्वच्छ ऊन असेल तर त्यातून दिवसाला २५-३० एएच परत मिळतात. सावलीत कॅम्प करायची सवय असेल तर पॅनल गाडीच्या छतावर पक्कं न करता लांब केबलचं, उचलून उन्हात ठेवता येईल असं घ्या. फ्रिज सावलीत आणि पॅनल उन्हात, ही सोय फार कामाची आहे.

आता सोलेनॉइडबद्दल. जुन्या गाड्यांचा ऑल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा जनित्र) इंजिन चालू असेपर्यंत १४ व्होल्टच्या वर स्थिर राहायचा. तिथे साधा सोलेनॉइड किंवा व्होल्टेज बघून आपोआप जोडणारा रिले उत्तम चालतो. हा रिले साधारण १३.३ व्होल्टला दोन्ही बॅटऱ्या जोडतो आणि १२.८ च्या आसपास तोडतो. इंजिन बंद झालं की फ्रिजला पहिल्या बॅटरीला हात लावता येत नाही आणि सकाळी सेल्फ मारायची चिंता राहत नाही. साधी, भरवशाची रचना आहे.

नव्या गाड्यांत मात्र ऑल्टरनेटरचं व्होल्टेज ईसीयू (इंजिनचा संगणक) ठरवतो. पहिली बॅटरी भरली असं त्याला वाटलं की इंधन वाचवण्यासाठी तो व्होल्टेज १२.५-१३ पर्यंत खाली आणतो, आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की पुन्हा १४.५ च्या वर नेतो. अशा गाडीत रिले कधी जोडतो, कधी तोडतो, आणि दुसरी बॅटरी कायम अर्धपोटी राहते. लेड-ॲसिड बॅटरी अर्धवट भरलेली राहिली की तिच्या प्लेटवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि क्षमता कायमची जाते. मग लोक बॅटरीच्या कंपनीला दोष देतात, जिचा त्यात काही दोष नसतो.

तुमची गाडी कुठल्या प्रकारची, हे एका फेरीत कळतं. सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये लावायचा छोटा व्होल्टमीटर लावा आणि अर्धा-पाऊण तास चालवा. आकडा १४ च्या वर टिकून राहिला तर जुनी पद्धत. तो हळूहळू १३ च्या खाली सरकला आणि उतारावर गाडी सोडली की एकदम वर गेला, तर ईसीयूचा ऑल्टरनेटर. मोजताना हेडलाइट बंद ठेवा. काही गाड्यांत दिवे लावले की ईसीयू व्होल्टेज वरच धरून ठेवतो आणि निष्कर्ष चुकतो.

ईसीयूवाली निघाली तर डीसी-डीसी चार्जरच (पुढून येणारं कमी-जास्त व्होल्टेज बदलून दुसऱ्या बॅटरीला हवं तेवढं देणारं यंत्र) घ्या. लिथियम घेणार असाल तर ऑल्टरनेटर कसाही असो, चार्जर हवाच. लिथियम बॅटरीचा अंतर्गत रोध इतका कमी असतो की थेट जोडली तर ती मिळेल तेवढा करंट ओढत राहते. इंजिन आयडलवर असताना ऑल्टरनेटरचा पंखा हळू फिरत असतो, त्याला थंडावा कमी मिळतो, आणि नेमकं त्याच वेळी त्याच्याकडून सगळ्यात जास्त मागणी होते. चढावर फर्स्ट-लोमध्ये (फोर-बाय-फोरच्या सगळ्यात हळू गिअरमध्ये) तासभर रांगणाऱ्या गाडीत ऑल्टरनेटर जळतो तो असा. चार्जर या मागणीला मर्यादा घालतो आणि बॅटरीच्या जातीप्रमाणे योग्य व्होल्टेजही देतो. चार्जर निवडताना इग्निशनच्या वायरवर चालू-बंद होणारा घ्या. नुसत्या व्होल्टेजवर चालणारा ईसीयूच्या गाडीत पुन्हा त्याच गोंधळात सापडतो. सोलर पॅनलची जोडणी आतच असलेला मिळाला तर वेगळा कंट्रोलर लागत नाही.

तुम्हाला २५ अँपियरचा पुरे. लिथियम असेल तर ५० एएचची तूट दोन-सव्वादोन तास गाडी चालवून भरते. एजीएमला शेवटचे २० टक्के भरायला फार वेळ लागतो, पाच-सहा तास धरा. म्हणून एजीएमवाल्यांनी घरी आल्यावर बॅटरी मेन्सच्या चार्जरवर पूर्ण भरून ठेवावी. याचा कंटाळा करू नये.

केबलच्या जाडीबद्दल थोडं विस्ताराने सांगतो, कारण बहुतेक जोडण्या इथेच फसतात. २५ अँपियर बाहेर देणारा चार्जर आत ३०-३२ अँपियर घेतो. दुसरी बॅटरी डिकीत बसवायची, का ते पुढे येईलच; बोनेटपासून तिथपर्यंत, वळणं धरून, ५ मीटर केबल लागते. जाणारी आणि येणारी मिळून १० मीटर. तांब्याची ६ चौरस मिलिमीटरची केबल घातली तर ३२ अँपियरला जवळजवळ ०.९ व्होल्ट वाटेतच जातात. १६ चौरस मिलिमीटरला हा आकडा ०.३५ वर येतो. चार्जर ही तूट भरून काढतो, पण त्यासाठी पुढून आणखी करंट ओढतो आणि केबल गरम होते. रिलेच्या पद्धतीत तर भरून काढणारं कोणी नाही. १४.२ व्होल्ट निघाले आणि १३.३ पोचले, तर ती बॅटरी कधीच भरणार नाही. म्हणून चार्जरला १६, आणि रिलेने जोडणार असाल तर २५ किंवा ३५ चौरस मिलिमीटर. चार्जर मागच्या बॅटरीशेजारी बसवा, म्हणजे त्याने नेमून दिलेलं व्होल्टेज बॅटरीपर्यंत पूर्ण पोचतं.

केबल घेताना टोक कापून बघा. वरून तांब्याचा रंग आणि आत पांढुरका ॲल्युमिनियम, अशी केबल सर्रास मिळते. सुरीने एक तार खरवडली की लगेच कळतं. तीच जाडी असूनही ती कमी करंट वाहते आणि लगच्या (केबलच्या टोकाला बसवायच्या धातूच्या टोपणाच्या) आत ढिली पडते. बारीक तारांची, लवचीक, वेल्डिंगला वापरतात तशी शुद्ध तांब्याची केबल घ्या. लग हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून घ्या आणि वर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवा. सोल्डर करू नका. ते केबलमध्ये आतपर्यंत चढतं, तिथे केबल कडक होते आणि हादऱ्याने नेमकी त्याच्या पुढे तुटते.

फ्यूज दोन्ही टोकांना. ही गोष्ट कोणी कितीही ‘गरज नाही’ म्हटलं तरी सोडू नका. या केबलच्या दोन्ही बाजूंना बॅटरी आहे. मध्ये कुठेही ती पत्र्याला टेकली तर दोन्हीकडून करंट येतो. म्हणून प्रत्येक बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतरात फ्यूज हवा. फ्यूज केबल वाचवण्यासाठी असतो, त्यामुळे त्याचा आकडा केबलच्या क्षमतेच्या आतला आणि चार्जरच्या पुस्तिकेत दिलेला असावा. २५ अँपियरच्या चार्जरला बहुधा ४० चा येतो. एका ओळखीच्या गाडीत फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकातून लाल केबल ग्रोमेट (भोकाच्या धारेवर बसणारं रबरी कडं) न लावता नुसती ओढलेली मी बघितली आहे. पत्र्याच्या धारेने इन्सुलेशन कापलं होतं, आतल्या तांब्याच्या चार-पाच तारा उघड्या दिसत होत्या आणि शेजारच्या रंगावर काळा डाग पडला होता. त्या केबलला पुढे-मागे कुठेच फ्यूज नव्हता. त्या गाडीत लहान मुलं बसत होती. ग्रोमेट, त्यावर पन्हाळीदार नळी, दर वीतभरावर क्लिप, आणि एक्झॉस्ट व स्टिअरिंगपासून लांब. एवढं कराच.

निगेटिव्हची केबलही तेवढ्याच जाडीची. मागे अर्थिंग घेणार असाल तर चासीवर किंवा जाड पत्र्यावर, रंग खरवडून, बोल्ट कसून आणि वर ग्रीस लावून. तुमच्या पहिल्या बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर छोटा सेन्सर असेल, तर त्या टर्मिनलवर काहीही थेट जोडू नका. सेन्सरच्या पलीकडे, चासीच्या बोल्टवर घ्या. नाहीतर ईसीयूला बॅटरीचा हिशोब चुकीचा मिळतो.

जागा कुठे? बोनेटखाली तर लिथियम ठेवूच नका, आणि एजीएमही टाळा. इंजिनची उष्णता बॅटरीचं आयुष्य खाते. डिकीत ठेवायची तर पाणी घालावं लागणारी साधी लेड-ॲसिड बॅटरी चालणार नाही, कारण चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते आणि गाडी कलंडली तर ॲसिड सांडतं. १०० एएचची एजीएम २८-३० किलो भरते, लिथियम ११-१३ किलो. खड्ड्यात चाक आपटलं की हे वजन क्षणभर कित्येक पटींनी ओढ देतं. म्हणून ट्रे पत्र्याला नुसत्या स्क्रूने नको. आरपार बोल्ट, खालून मोठा वॉशर किंवा लोखंडी पट्टी, आणि बॅटरीवरून क्लॅम्प. भोक पाडण्याआधी खाली वाकून बघा, डिझेलची टाकी किंवा ब्रेकची नळी तिथेच असते. दोन्ही टर्मिनलवर रबरी टोपी हवीच. सैल सुटलेला पाना टर्मिनलवर पडला तर काय होतं, हे बघायची वेळ येऊ नये.

अतिथंड प्रदेशात जाणार असाल तर एक लक्षात ठेवा. लिथियम आयर्न फॉस्फेट शून्य अंशाखाली चार्ज करायची नसते. चांगल्या बॅटरीतला बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारं आतलं सर्किट) तेव्हा चार्जिंग थांबवतो. घेताना ही सोय आहे का ते विचारून घ्या.

विंच मात्र पहिल्याच बॅटरीवर राहू द्या. पूर्ण ओढीला तो ४०० अँपियरच्या आसपास घेतो. मागच्या लिथियमचा बीएमएस बहुधा १०० अँपियरलाच बंद होईल, आणि २५ अँपियरचा चार्जर ती तूट भरू शकणार नाही. विंच वापरताना इंजिन चालू, आरपीएम थोडे वर, आणि मध्ये-मध्ये विश्रांती. याच कारणाने ‘पहिली उतरली तर मागच्या लिथियमवरून सेल्फ मारू’ हेही गृहीत धरू नका. त्यासाठी छोटा जंप स्टार्टर जवळ ठेवा. मागच्या बॅटरीवरून तो भरून घेता येतो.

काम सुरू करताना पहिल्या बॅटरीचा निगेटिव्ह आधी काढा आणि शेवटी लावा. फॅक्टरीच्या वायरिंगला कात्री लावू देऊ नका. इग्निशनचा सिग्नल फ्यूज बॉक्समधल्या मोकळ्या जागेतून घेता येतो आणि वॉरंटीचा वाद टळतो.

बसवून झाल्यावर इंजिन चालू, चार्जर पूर्ण करंटवर, असं अर्धा तास ठेवा आणि प्रत्येक लग, प्रत्येक फ्यूज होल्डर हाताने चाचपा. कोमट ठीक. हात ठेववत नसेल तर तो जोड उघडून पुन्हा करायचा. मग मल्टिमीटरची एक पिन पहिल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरी चार्जरच्या इनपुटवर ठेवून किती व्होल्ट वाया जातात ते बघा. १६ चौरस मिलिमीटरला ०.२ च्या आसपास यायला हवेत. ०.५ दिसले तर कुठेतरी जोड कच्चा आहे. पहिल्या खडबडीत फेरीनंतर ट्रेचे आणि टर्मिनलचे सगळे नट पुन्हा कसा, कारण त्यातले एक-दोन हमखास ढिले झालेले असतात.

तेव्हा बॅटरी आणण्याआधी तो व्होल्टमीटरचा प्रयोग करा, आणि फ्रिजच्या प्लेटवर लिहिलेले वॅट व बोनेट ते डिकी केबलची मोजलेली लांबी कळवा. गाडी उभी असताना पॅनल उन्हात ठेवता येईल की नाही, तेही सांगा. एजीएम की लिथियम, हे मी त्यावरूनच सांगेन.