वाचकांचे प्रश्न : स्वदेशी विमान आणि देशाभिमान

प्रश्न : विकसनशील देशाने स्वतःचं विमान, सॅटेलाइट काही बनवलं की देशाभिमानाची लाट येते. यात वाईट काय आहे?

उत्तर : अभिमान वाटणारच, वाटायलाच हवा. पण इंडोनेशियाचं एन-२५० विमान बघा, जर्मनीत शिकलेले तिथले तेव्हाचे तंत्रज्ञान मंत्री हबीबी यांनी बांडुंग शहरातल्या सरकारी कारखान्यात ते बनवून घेतलं आणि स्वातंत्र्याच्या ५०व्या वर्षी, १० ऑगस्ट १९९५ ला ते उडालं, तो दिवस पुढे राष्ट्रीय तंत्रज्ञान दिन म्हणून पाळायला लागले, एवढं कौतुक. मग १९९७ चं आर्थिक संकट आलं, आयएमएफने (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने) कर्ज देताना कारखान्याची सरकारी मदत बंद करायला लावली आणि विमान प्रोटोटाइपवरच अडकलं. लोक आयएमएफला शिव्या घालतात, तो राग मला पटतो, पण सगळा डोलारा तेव्हाचे हुकूमशहा सुहार्तो यांच्या मर्जीवर उभा होता आणि हुकूमशाहीत खर्चाचा हिशोब मागणार कोण? हिशोब मागणारा देशाच्या विरोधात आहे असं ठरवलं की खरं नुकसान तिथेच सुरू होतं. आणि हो, त्याच कारखान्याने स्पेनच्या कासा कंपनीसोबत बनवलेलं सीएन-२३५ हे दुसरं विमान मात्र चाललं, बाहेरच्या देशांनीही घेतलं. भागीदारीत बनलं म्हणून त्याचा अभिमान कमी का वाटावा?