रिपोर्ट नॉर्मल आला, मग गोळी बंद करू का?

प्रश्न: डॉक्टर, माझं वय ५६. बीपी आहे, त्याची गोळी चालू आहे. चार महिन्यांपूर्वी एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १६८ आलं म्हणून अटोरव्हास्टॅटिन २० रोज रात्री सुरू केली. आता ९४ आलंय. पण महिनाभरापासून दोन्ही पोटऱ्या दुखतात आणि बहीण म्हणते की ही गोळी एकदा लागली की सुटत नाही. रिपोर्ट नॉर्मल आहे तर बंद केली तर चालेल का?

उत्तर: ताई, ९४ हा आकडा गोळीमुळे आलाय. गोळी थांबवली की तो काही तिथे थांबणार नाही, थोड्याच आठवड्यांत परत वर जाईल. मागे माझ्याकडे एक आजोबा आले होते, रिपोर्ट चांगला आल्यावर त्यांनी कोणाला न विचारताच बंद केलेली, पिशवीतून स्ट्रिप काढून टेबलावर ठेवली तर दहातल्या तीन जागा रिकाम्या आणि सात गोळ्या तशाच्या तशा, आणि एलडीएल होतं तिथेच परत. त्यांना आधी एक अटॅक येऊन गेलेला होता, म्हणून मला ती स्ट्रिप बघून खरंच धस्स झालं.

होतं काय, की आपलं लिव्हर स्वतःच कोलेस्टेरॉल बनवतं. स्टॅटिन, म्हणजे तुमची अटोरव्हास्टॅटिन ज्या गटातली आहे ते औषध, कोलेस्टेरॉल बनवणारं एंझाइम अडवतं, मग लिव्हरला कोलेस्टेरॉल कमी पडायला लागतं आणि ते रक्तातलं एलडीएल ओढून घ्यायला पेशींवर जास्त रिसेप्टर आणतं, म्हणून रक्तातला आकडा उतरतो. हे सगळं गोळी पोटात जातेय तोवरच. त्यामुळे 'सुटत नाही' हे बहिणीचं म्हणणं तसं चूक नाही, पण ते व्यसनासारखं नाहीये, तुमच्या बीपीच्या गोळीसारखं आहे. आणि फायदा फक्त कागदावरचा नाही. १९९४ साली ४४४४ हृदयरुग्णांवरचा एक मोठा अभ्यास आला, त्यात पाचेक वर्षांत सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांमधले मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले होते. तुम्हाला अटॅक आलेला नाही त्यामुळे तुमचा फायदा तेवढा मोठा नसेल, पण वय, बीपी आणि १६८ हे तिन्ही एकत्र धरूनच गोळी दिलेली असणार.

आता पोटऱ्यांचं. ही तक्रार मी हसण्यावारी नेणार नाही, स्टॅटिनने स्नायू दुखू शकतात आणि ते बहुतेक वेळा असंच दोन्ही बाजूंना, मांड्या नाहीतर पोटऱ्यांत दुखतं. पण प्रत्येक दुखणं गोळीचंच असतं असंही नाही. २०२० मध्ये एक छान प्रयोग प्रसिद्ध झाला, त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना काही महिने खरी गोळी, काही महिने तशीच दिसणारी खोटी गोळी आणि काही महिने काहीच नाही असं दिलं, तर खऱ्या गोळीच्या महिन्यांत जेवढा त्रास झाला त्यातला ९० टक्के खोट्या गोळीवरही झाला! त्रास खराच होता हं, माणसं खोटं बोलत नव्हती, पण बहुतेक त्रासाचं कारण औषध नव्हतं, आणि हे कळल्यावर त्यातल्या निम्म्यांनी गोळी परत सुरू केली.

म्हणून तुमच्या डॉक्टरांना सांगून सीपीके (स्नायूंना इजा होतेय का ते दाखवणारी रक्ताची तपासणी) आणि थायरॉइडसाठी टीएसएच करून घ्या. थायरॉइड मंद असेल तर कोलेस्टेरॉलही वाढतं आणि स्नायूही दुखतात, हे पुष्कळदा राहून जातं. मधे कुठली अँटिबायोटिक घेतली होती का तेही आठवून सांगा, क्लॅरिथ्रोमायसिनसारखी काही औषधं अटोरव्हास्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण वाढवतात. गोळीचाच त्रास निघाला तरी रस्ते आहेत, डोस कमी करता येतो, रोसुव्हास्टॅटिनसारखी दुसरी स्टॅटिन देता येते, नाहीतर कमी डोससोबत इझेटिमाइब जोडता येतं, जे आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषलं जाणं कमी करतं. बदल केला की ४ ते १२ आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल परत करायचं.

आणि हो, अटोरव्हास्टॅटिन रात्रीच घ्यायला हवी असं नाही. सकाळी बीपीच्या गोळीबरोबर घेतलीत तर विसरणार नाही. एखाद्या दिवशी चुकलीच तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. फक्त लघवी चहासारखी गडद व्हायला लागली, स्नायू फारच दुखायला लागले किंवा उठता-बसताना ताकदच लागेना, तर मात्र माझ्या पुढच्या उत्तराची वाट बघू नका, गोळी थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.