संघ हरला की ‘पोरांत जिद्दच नव्हती’ म्हणतात, ते खरं असतं का?

तुमचा कॉलेजचा कबड्डी संघ उपांत्य फेरीत हरला आणि सरांनी सगळ्यांना रांगेत उभं करून ‘तुमच्यात जिद्दच नव्हती, इंटेन्सिटी शून्य’ असं सुनावलं. हरण्याचं खरं कारण ते असू शकतं का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते बहुतेक वेळा नसतं. हे वाक्य माणसाला गुणफलक बघून सुचतं. तुम्ही दोन गुणांनी जिंकला असतात तर त्याच खेळाला सर ‘डोकं शांत ठेवून खेळलात’ म्हणाले असते.

हे वाक्य मी स्वतः ऐकलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी अलिबाग तालुक्यातला. आमच्याकडे भात निघालं की शेत चोपून मैदान करायचं, संध्याकाळी पाणी मारायचं आणि रात्री दिव्यांखाली सामने. मी बचावात डावा कोपरा खेळायचो. माझी हुकमी पकड घोट्याची. आमचा उजवा मध्यरक्षक माझ्यापेक्षा कितीतरी चांगला खेळाडू. रेडर, म्हणजे चढाई करणारा, मध्यरेषा ओलांडताना कुठल्या खांद्यावर भार टाकतोय त्यावरून तो कुठे वळणार हे त्याला कळायचं. बोलायचा कमी, ओरडायचा तर नाहीच. सामना संपल्यावर शांतपणे चिखलाचे पाय धुऊन सायकलवर घरी जायचा.

एका वर्षी आम्ही जिल्ह्याच्या स्पर्धेत उपांत्य फेरीला पोचलो आणि सामना मॅटवर आला. तोवर आमच्यातल्या एकानेही मॅटवर पाय ठेवला नव्हता. बूट दुसऱ्या संघाकडून मागून आणलेले. मला मिळालेला जोड एक नंबर मोठा होता, म्हणून पुढे फडकं कोंबून घातला. समोरचा संघ शहरातला, वर्षभर मॅटवर सराव करणारा. आणि सकाळीच आम्ही उपउपांत्य सामना खेळलो होतो, तोही शेवटच्या चढाईपर्यंत ताणलेला.

कबड्डी खेळणाऱ्याला पुढचं लगेच कळेल. मातीत अनवाणी रेडरचा पाय टेकला की बोटं रुततात, वळायला निमिषभर जास्त लागतं. त्या निमिषात माझा हात त्याच्या घोट्यावर पडायचा. मॅटवर बूट घातलेला रेडर जागच्या जागी गर्रकन वळतो. पहिल्या दोन झेपा मी मारल्या तेव्हा हातात हवाच आली, वर रेडर मला शिवून परत. शिवाय गुडघ्याची कातडी मॅटवर घासून अशी निघाली की खरचटण्याऐवजी भाजल्यासारखं वाटत होतं. आमच्या कर्णधाराने खूण केली, मागे राहा, बोनस घेऊ दे, झेप मारू नका. निर्णय अगदी बरोबर होता. रेडरने बोनस रेषा ओलांडली तर एक गुण जातो, पण आपले सातही गडी आत राहतात. चुकीची झेप मारली तर गुणही जातो आणि गडीही. मध्यंतराला आम्ही पाच गुणांनी मागे होतो. कबड्डीत पाच गुण म्हणजे काहीच नाही, एक लोण (समोरचा सगळा संघ बाद केल्याचे दोन जादा गुण) आणि तीन पकडी.

पण बाहेरून हे कसं दिसतं? रेडर येतो, बोनस रेषेवर पाय टाकतो, परत जातो आणि सात पोरं नुसती उभी आहेत असं दिसतं. मंडळाचे एक ज्येष्ठ पदाधिकारी आमच्याबरोबर आले होते. लिंबूपाणी पीत होतो तेवढ्यात ते आत आले आणि उजव्या मध्यरक्षकाच्या छातीवर बोट ठेवून म्हणाले, “हा बघा, पुतळा. अंगावर जा रे! रक्त आहे की पाणी?” कर्णधार काही सांगू पाहत होता, त्याला बोलू दिलं नाही. वयाने मोठे, गाडीचा खर्च त्यांचा, कोण काय बोलणार.

मग आम्ही अंगावर गेलो. पहिल्याच चढाईत मध्यरक्षक पुढे घुसला, हात धरून उभी असलेली आमची साखळी तुटली, रेडर दोघांना घेऊन गेला. पुढच्या चढाईत उरलेल्या कोपऱ्याने झेप मारली, तोही बाद. बघता बघता लोण बसला. त्यानंतर घाईघाईने दुसरा. जो सामना पाच गुणांचा होता तो वीसच्या वर गेला. आणि लक्षात घ्या, हे सगळं झालं ते आमची ‘जिद्द’ सगळ्यात जास्त दिसत होती तेव्हा. आम्ही ओरडत होतो, मांड्या थोपटत होतो, मॅटवर अंग टाकत होतो.

परतीच्या गाडीत निकाल लागला. पोरांत जिद्द नव्हती, आणि त्यातही तो उजवा मध्यरक्षक थंड. पुढच्या मोसमात त्याला संघात घेतलं नाही, आणि त्याने खेळच सोडला. इतकी वर्षं झाली, त्या सामन्याचा विषय निघाला की अजूनही मंडळात हेच सांगितलं जातं. बुटांचं, मॅटचं, सकाळच्या सामन्याचं नाव कोणी घेत नाही. घेतलं तर पैसे कुठे खर्च करायला हवे होते हा प्रश्न येतो. जिद्दीला खर्च नसतो आणि ती नव्हती असं म्हटलं की दोष आपोआप खेळाडूचा होतो. हे वाक्य इतकं लोकप्रिय आहे ते माझ्या मते याच कारणाने.

2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेनंतरही हेच झालं. 1990 पासूनची सातही सुवर्णपदकं जिंकलेला आपला पुरुष संघ गटात दक्षिण कोरियाकडून 23-24 हरला आणि उपांत्य फेरीत इराणकडून 18-27. दुसऱ्या दिवशी महिलांचा संघ अंतिम सामन्यात इराणकडूनच 24-27 हरला. आमच्या ग्रुपवर त्याच ज्येष्ठांचा संदेश आला, प्रो कबड्डी लीगच्या पैशाने पोरं सुस्तावली, देशासाठी खेळायची आग राहिली नाही. मी तेव्हाही लिहिलं होतं, इथेही लिहितो. 2014 ला इंचॉनमध्ये याच इराणला आपण अंतिम सामन्यात 27-25 असं कसंबसं हरवलं होतं. तेव्हा दोन गुण तिकडे गेले असते तर ‘आग विझली’ ही ओरड चार वर्षं आधीच झाली असती. इराण वर्षानुवर्षं जवळ येत होता. त्यांचा बचावपटू फजल अत्राचली प्रो कबड्डीत आपल्या मुंबईच्या यू मुंबा संघाकडून खेळलेला, आपल्या रेडरांच्या सवयी त्याला पाठ. डाव्या कोपऱ्यावर तो कसा उभा राहतो ते मी टीव्ही थांबवून थांबवून बघितलंय. शेवटपर्यंत टाच उचलत नाही. चाळीस मिनिटांत भारतासारख्या संघाला 18 गुणांवर ठेवायचं तर अशी पकड लागते. आणि इराणच्या महिला संघाची प्रशिक्षक कोण होती? नाशिकच्या शैलजा जैन. त्यांनी त्या मुलींना योग-प्राणायाम शिकवला, त्यांची भाषा थोडीफार शिकून घेतली आणि संघ बांधला. आपल्या मुली सुस्त होत्या म्हणणं म्हणजे त्या बाईंच्या कामावर बोळा फिरवणं.

फुटबॉल बघत असाल तर 2014 च्या विश्वचषकातला ब्राझील-जर्मनी उपांत्य सामना आठवा. पाठीच्या मणक्याला दुखापत झालेल्या नेमारची जर्सी हातात धरून ब्राझीलच्या खेळाडूंनी राष्ट्रगीत म्हटलं. तेवढी तीव्रता मी मैदानावर क्वचितच पाहिलीय. 29 व्या मिनिटाला जर्मनीचे पाच गोल झाले होते आणि शेवटी ब्राझील 7-1 असा हरला. ब्राझीलचा कर्णधार थियागो सिल्वा निलंबनामुळे बाहेर, बचावाची फळी विस्कळीत, आणि जो तो जागा सोडून पुढे धावत होता. मला तर त्या दिवशी आमचाच दुसरा डाव दिसला.

आता तुमच्या सरांची बाजूही सांगायला हवी, नाहीतर ते अन्यायाचं होईल. जिद्द लागतच नाही असं मी म्हणत नाही. ज्या साखळी सामन्यावर काही अवलंबून नाही तिथे पोरं खरंच ढिली खेळतात. आणि सरांना जे दिसलं तेही खोटं नसेल. दुसरा मध्यरक्षक पकडीला उशिरा आला, रेडर परतताना कोणी पाठलाग केला नाही, हे त्यांनी पाहिलं असणार. प्रश्न आहे उशीर का झाला हा. आधीच्या दोन पकडी फसल्या की पाय आपोआप अडखळतो, कारण जाऊ की नको हे ठरत नाही. एकाच दिवसातला दुसरा सामना असेल तर पायच उरलेले नसतात. ढिलेपणा, अडखळणं आणि दमणं, बाहेरून तिन्ही गोष्टी सारख्याच दिसतात, उपाय मात्र तिघांचे वेगळे. अडखळणाऱ्याला साखळीचा सराव द्यावा लागतो, दमलेल्याला राखीव खेळाडू. ‘रक्त आहे की पाणी’ म्हटल्याने यातलं काहीच होत नाही.

तुम्ही एक करा. सामन्याचं कोणीतरी मोबाइलवर चित्रण केलंच असेल. ते घेऊन बसा आणि दिलेला प्रत्येक गुण लिहा. बोनस की स्पर्श, डावीकडून की उजवीकडून, तेव्हा मॅटवर आपले किती गडी होते, आणि चढाईला गेलेला आपला रेडर पकडला गेला तो कोणत्या कोपऱ्यात. बहुतेक वेळा निम्म्याहून जास्त गुण एकाच भगदाडातून गेलेले सापडतात. मग तो कागद घेऊन सरांकडे जा आणि नम्रपणे विचारा, सर, यातल्या कोणत्या चढाईत जिद्द कमी पडली? उद्धटपणा नको. पण विचारा नक्की. आमच्यात त्या दिवशी कोणी विचारलं नाही, म्हणून एका चांगल्या खेळाडूच्या नावावर तो ठपका कायमचा बसला. तुमच्या संघातही सरांनी एखाद्याकडे बोट दाखवलं असेल, तर त्याच्या बाजूच्या चढाया आधी तपासा आणि जे सापडेल ते सगळ्यांसमोर सांगा.

आणि पुढची स्पर्धा मॅटवर असेल तर बूट आत्ताच घ्या, स्वतःच्या मापाचे, आणि सामन्याआधी निदान दोन आठवडे त्यातच सराव करा. कॉलेजकडे मॅट नसेल तर जवळच्या क्रीडा संकुलात चौकशी करा. अर्ज सरांच्या सहीने गेला तर काम लवकर होतं.