उशा किती घेता, ते विचार

प्रिय डॉक्टर,

(या हाकेची सवय व्हायला अजून थोडे दिवस लागतील तुला.)

तुझं पत्र मिळालं. बाहेर रांग लागलेली असताना प्रत्येक हार्ट फेल्युअरच्या (हृदयाचं पंपिंग कमी पडणाऱ्या) पेशंटकडून २३ प्रश्नांचा कागद भरून घेणं ही निव्वळ कारकुनी वाटते, असं लिहिलंस. इको (हृदयाची सोनोग्राफी) आहे, रक्ताचे रिपोर्ट आहेत आणि पेशंट स्वतःच ‘बरं आहे’ म्हणतो, मग आणखी काय हवं? तुझ्या वयात मीही हेच म्हटलं असतं. तेव्हा तो कागदच नव्हता, म्हणून म्हणायची वेळ आली नाही.

एक गृहस्थ दर महिन्याला यायचे. मी विचारायचे, दम लागतो का? ते म्हणायचे, नाही. लागोपाठ चार वेळा मी केसपेपरवर ‘सुधारणा’ लिहिलं. पाचव्या खेपेला ते बाहेर पडले आणि त्यांची बायको दारातून मागे वळली. ‘रात्रभर खुर्चीत बसूनच झोपतात हो. आडवं होववत नाही त्यांना.’ दम लागणार कुठून? आधी त्यांनी जिना सोडला होता, मग फिरणं सोडलं होतं, शेवटी अंथरूणही सोडलं होतं. ते खोटं बोलले नव्हते. माझा प्रश्नच चुकला होता.

तेव्हापासून मी विचारते, ‘सहा महिन्यांपूर्वी करत होतात आणि आता करत नाही, असं काय काय आहे?’ आणि उशा किती घेता, हेही विचारते. एकीच्या दोन, दोनाच्या तीन झाल्या असतील, तर पुढच्या इकोची वाट बघू नकोस.

तुझा तो २३ प्रश्नांचा कागद, ‘कॅन्सस सिटी’ नावाची प्रश्नावली, २००० साली आला. तो शेवटी हेच विचारतो: गेल्या दोन आठवड्यांत अंघोळ करताना, चालताना, घरकाम करताना, लोकांत मिसळताना आजार किती आडवा आला. गुण ० ते १००, जास्त तितकं चांगलं, आणि साधारण ५ गुणांचा फरक पेशंटला स्वतःला जाणवण्याइतका असतो. वेळच नसेल तर त्याची १२ प्रश्नांची आवृत्ती वापर. त्रास किती आहे यावरून पेशंटचे चार वर्ग करणारी आपली जुनी न्यूयॉर्क पद्धत वाईट नाही, पण तो वर्ग ठरवतो डॉक्टर. इजेक्शन फ्रॅक्शनबद्दल (हृदय एका ठोक्यात आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतं, त्याबद्दल) तर मी तुला हट्टानेच सांगेन: २५ टक्क्यांवर निवांत फिरणारी माणसं मी पाहिली आहेत आणि ६० टक्क्यांवर अंघोळीने थकणारीही.

तू स्टेंटबद्दलही (अरुंद झालेली हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीबद्दल) विचारलं होतंस. ‘इस्केमिया’ नावाचा उपचारांची तुलना करणारा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला, पाच हजारांहून जास्त पेशंट होते. हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या स्थिर आजारात आधी औषधं देणं आणि सुरुवातीलाच अँजिओग्राफी करून स्टेंट किंवा बायपासकडे जाणं, या दोन मार्गांत मृत्यूंचा फरक दिसला नाही. ज्यांच्या छातीत वारंवार दुखत होतं, त्यांचं दुखणं मात्र दुसऱ्या मार्गाने जास्त कमी झालं. ज्यांना दुखतच नव्हतं, त्यांच्या रोजच्या जगण्यात जवळजवळ काही बदललं नाही. म्हणजे स्थिर पेशंटला सल्ला देताना ‘तुम्हाला दुखतं किती, आणि त्यामुळे अडतं काय’ हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. (हार्ट अटॅक चालू असताना हा हिशेब लागू नाही, हे तुला सांगायला नको.)

मनाचंही विचार. हार्ट अटॅकनंतर पाचातल्या एकाला तरी गंभीर नैराश्य येतं. २००३ च्या ‘एन्रिच्ड’ नावाच्या अभ्यासात नैराश्यावर उपचार केले, तरी मृत्यू किंवा पुन्हा येणारे अटॅक कमी झाले नाहीत, नैराश्य मात्र उतरलं. तेव्हा माझे एक सहकारी म्हणाले, ‘मग उपयोग काय?’ मला हा प्रश्न आजही कळलेला नाही.

बाकी लहान गोष्टी. लघवीच्या गोळीमुळे लोक घराबाहेर पडत नाहीत. बाहेर जायचं असेल त्या दिवशी गोळी परत आल्यावर घेतली तर चालेल का, हे ते आपणहून विचारत नाहीत. बहुतेकांना चालतं. तू होऊन सांग. शरीरसंबंधाबद्दलही ते विचारणार नाहीत. दोन जिने दम न लागता, छातीत न दुखता चढणाऱ्याला सहसा भीती नसते. छातीत दुखण्यावरचं नायट्रेट चालू असेल तर मात्र सिल्डेनाफिलच्या (व्हायग्राच्या) जातीची गोळी अजिबात नाही, रक्तदाब एकदम कोसळतो. हे खोलीत तिसरं कुणी नसताना बोल.

आणि घरचे. एके काळी अटॅकनंतर माणसाला आठवडेच्या आठवडे अंथरुणात ठेवत. १९५२ साली लेव्हिन आणि लाउन यांनी पेशंटला लवकर खुर्चीत बसवायचं म्हटलं, तर तेसुद्धा धाडस वाटलं होतं. दवाखान्यातून ती पद्धत गेली, घरांतून गेलेली नाही. ‘तुम्ही बसा, मी करते’ म्हणत प्रेमाने माणसाला बसवून ठेवतात. कार्डिॲक रिहॅबला (हृदयरोग्यांच्या देखरेखीखालच्या व्यायामाला) पाठवशील तेव्हा जोडीदारालाही सोबत बोलव. आपला माणूस देखरेखीखाली ट्रेडमिलवर चालताना डोळ्यांनी पाहिला की घरातला धाक निम्मा ओसरतो, हा माझा अनुभव. रात्री त्याचा श्वास ऐकत जागी राहणारी तीच असते. तिला झोप लागते का, हेही विचार.

तू लिहिलेल्या त्या बाई, ज्यांचे सगळे रिपोर्ट चांगले असूनही ‘ठीक’ म्हणताना खाली बघतात, त्या पुढच्या आठवड्यात परत येणार आहेत ना? त्यांना पंधरा मिनिटं दे. काय म्हणाल्या ते मला कळव.

तुझी,
मॅडम