रडर पेडल्स: आधी खुर्ची, मग सॉफ्टवेअर

घरच्या फ्लाइट सिम्युलेटरच्या रडर पेडल्सबद्दल (विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणारी पायाची पेडल्स) तुमच्या प्रश्नात तीन तक्रारी आहेत. अर्ध्या तासात नडग्या भरून येतात. जोर लावला की खुर्ची मागे आणि पेडल्स टेबलाखाली पुढे सरकतात. आणि टेक-ऑफच्या वेळी सेसना १७२ हे छोटं विमान धावपट्टीवर नागमोडी पळतं. तुम्ही तिसऱ्या तक्रारीपासून सुरुवात केलीत आणि सेन्सिटिव्हिटीचे कर्व्ह, म्हणजे पेडल किती दाबलं की रडर किती वळेल हे ठरवणारे आलेख, बदलत बसलात. माझं सांगणं असं की सगळे कर्व्ह सरळ रेषेवर आणा आणि सध्या त्यांना हात लावू नका. बूड हलत असेल तर पायाला पेडलचा मध्य सापडत नाही, आणि मध्य सापडत नसेल तर कुठलाही कर्व्ह उपयोगाचा नाही.

आधी नडग्यांचं बघू, कारण दुखत असताना कोणी सराव करत नाही. नडगीच्या पुढच्या बाजूचा स्नायू चवडा वर उचलायचं काम करतो. तुमच्या फोटोत पेडल्स टेबलाच्या कडेखालीच आहेत, त्यामुळे बसल्यावर नडगी जवळपास उभी राहते. पेडलची पाटी मात्र तिरकी, चढती आहे. तिच्यावर पाऊल टेकवायचं तर चवडा सतत वर ओढून धरावा लागतो. शिवाय टो-ब्रेक (पेडलचा वरचा भाग चवड्याने दाबून लागणारे चाकांचे ब्रेक) चुकून दाबले जाऊ नयेत म्हणून बोटंही आपण नकळत मागे खेचतो. हे सगळं अर्धा तास चाललं तर नडगी दुखणारच.

उपाय सोपा आहे: पेडल्स पुढे ढकला आणि खुर्ची थोडी खाली घ्या. दोन्ही पेडल्स समान असताना गुडघ्यातला कोन साधारण ११० ते १२० अंश असावा, आणि नडगी व पाऊल यांच्यातला कोन काटकोनाच्या जवळ यावा. मग एक पेडल पूर्ण दाबून बघा. त्या टोकालाही गुडघा किंचित वाकलेलाच हवा. पाय ताठ होत असेल तर पेडल्स फार लांब गेलीत. हीच तपासणी पूर्ण रडर आणि पूर्ण ब्रेक एकत्र दाबून पुन्हा करा, कारण ब्रेकसाठी चवडा आणखी पुढे जातो. खऱ्या विमानातही उड्डाणाआधी नेमकं हेच करतात. सेसना १७२ मध्ये सीट रुळावर पुढेमागे सरकते. गोंदियाला प्रशिक्षणासाठी वापरतात त्या डायमंड डीए-४० मध्ये सहसा सीट जागच्या जागी असते आणि पेडल्सच जवळ-लांब करतात. पद्धत कोणतीही असो, पायलटच्या पायाच्या लांबीप्रमाणे अंतर जमवल्याशिवाय इंजिन सुरू करत नाहीत. घरीही तोच क्रम ठेवा.

पाऊल कुठे ठेवायचं हेही महत्त्वाचं आहे. रडरसाठी टाच जमिनीवर आणि चवडा पेडलच्या खालच्या भागावर. ब्रेक हवे असतील तेव्हाच पाऊल वर सरकवायचं. काही पेडल्सना टाचेखाली सरकणारी पाटी असते. तिथे अख्खा पाय मांडीपासून पुढेमागे जातो, आणि टाच त्या पाटीच्या मागच्या कडेला नीट टेकलेली असली की बोटं आपोआप ब्रेकपासून दूर राहतात. तुमचं पाऊल लहान असेल आणि टाच जमिनीवर ठेवून चवडा पेडलच्या मधोमध पोचत नसेल, तर टाचेखाली सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर जाडीची रबरी पट्टी किंवा फळी ठेवा. अनवाणी पाय घामाने चिकटतात, मोजे धातूवर घसरतात. पातळ तळव्याचे कॅनव्हासचे बूट मला सगळ्यांत बरे वाटतात. जाड तळव्याच्या बुटांतून पेडलचा अंदाजच येत नाही.

आता सरकण्याबद्दल. आपल्याकडच्या गुळगुळीत फरशीवर पेडल्सखालचे रबरी पाय धूळ बसली की पकड सोडतात. लोक मग पेडल्स भिंतीला टेकवतात. पेडल्स थांबतात, पण खुर्ची तेवढ्याच जोराने मागे जाते, कारण पाय जेवढा पुढे रेटतो तेवढीच पाठ मागे रेटली जाते. हा जोर जमिनीकडे जाऊच द्यायचा नाही. खुर्ची आणि पेडल्स एकमेकांना बांधून टाकायची. सामान बांधायचा, कडीने आवळता येणारा नायलॉनचा पट्टा घ्या, तो खुर्चीच्या खालच्या दांड्याभोवती आणि पेडल्सच्या सांगाड्याभोवती फिरवा आणि मघाशी ठरवलेल्या अंतरावर आवळा. पट्टा पेडलच्या हालचालीत येत नाही ना, हे एकदा हाताने फिरवून बघा.

जागा असेल तर मी याहून पक्का मार्ग सुचवेन. सुताराकडून १८ मिलिमीटरचा प्लायवूडचा एकच लांब तुकडा कापून आणा. पुढच्या टोकाला पेडल्स स्क्रूने बसवा, मागच्या बाजूला खुर्चीची चाकं अडतील अशा पट्ट्या ठोका आणि खाली जुनी योगा मॅट चिकटवा. खुर्चीचं वजन त्याच फळीवर येतं, त्यामुळे काहीच हलत नाही, आणि उठवून भिंतीला उभं करता येतं. एक अडचण मात्र उरते: गोल फिरणारी खुर्ची एका पायाच्या रेट्याने वळते. त्यावर पट्टा किंवा फळी दोन्ही पुरे पडत नाहीत. तुमच्याकडे जेवणाच्या टेबलाची हात नसलेली साधी चार पायांची खुर्ची असेल तर पाठीला एक घट्ट उशी लावून ती वापरून बघा. महागड्या गेमिंग खुर्चीपेक्षा या कामाला ती सरस ठरते असं माझं ठाम मत आहे. फक्त बैठकीची पुढची कड मांडीला खालून काचत नाही ना ते बघा. गुडघ्यामागे दोन बोटं सहज जातील एवढी फट ठेवा. खुर्ची खाली घेतल्यावर योक (विमानाचं हातातलं स्टिअरिंग) किंवा जॉयस्टिक उंच वाटू लागेल, म्हणून ते आणि मॉनिटर नंतरच जमवा.

स्प्रिंगचा ताण बदलता येत असेल तर कमीच ठेवा. पाय नुसते ठेवल्यावर पेडल हलू नये, इतकाच ताण पुरतो. हेलिकॉप्टर उडवणार असाल तर त्याहूनही कमी, कारण तिथे पाय सतत थोडे थोडे काम करतात आणि मध्यावर खेचणारी स्प्रिंग आड येते.

एवढं झालं की सॉफ्टवेअर उघडा. विंडोजच्या गेम कंट्रोलर खिडकीत तिन्ही अक्ष बघा: रडर, डावा ब्रेक, उजवा ब्रेक. पाय काढल्यावर ब्रेक शून्यावर जायला हवेत. पाय काढल्यावरच ब्रेक पूर्ण लागलेले दिसत असतील तर सिम्युलेटरमध्ये तो अक्ष उलटा करा; थ्रॉटल (इंजिनचा जोर) देऊनही विमान न हलण्याचं हे नेहमीचं कारण आहे. मग जॉयस्टिकच्या पिळाला दिलेला रडर काढून टाका. दोन उपकरणं एकच अक्ष ओढत असतील तर विमान थरथरत, नागमोडी जातं, आणि तुमची तिसरी तक्रार बहुतेक इथेच संपेल. सहाय्यक पर्यायांमधला ऑटो-रडरही बंद करा, नाहीतर पाय एक सांगतील आणि प्रोग्रॅम दुसरंच करेल. ब्रेकना १० टक्क्यांच्या आसपास डेड-झोन (ज्यात पेडल हललं तरी परिणाम होत नाही असा सुरुवातीचा टप्पा) द्या म्हणजे टेकलेल्या पावलाने ब्रेक लागणार नाहीत. रडरला २-३ टक्के पुरेत. यानंतरही मध्याजवळ विमान फार चपळ वाटलं तर मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये सेन्सिटिव्हिटी उणे २०पर्यंत न्या, त्याहून जास्त मला गरजेचं वाटत नाही.

सेसना टेक-ऑफला डावीकडे ओढते ते पेडल्सचा दोष नाही. पंखा कॉकपिटातून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरतो, त्याच्या हवेचा झोत शेपटीवर आदळतो आणि चढताना पंख्याची खाली जाणारी उजवी बाजू जास्त ओढते. म्हणून पूर्ण थ्रॉटलला उजवं पेडल दाबून धरावंच लागतं. नवखे लोक मोठा धक्का देतात, मग उलटा धक्का, आणि नागमोड सुरू होते. थ्रॉटल सावकाश चढवा, नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकावर ठेवा, आणि पाय छोट्या छोट्या दाबांत हलवा. एअरबस ए-३२० हे प्रवासी विमान उडवताना मात्र हवेत वळणांचा समतोल संगणकच सांभाळतो, तेव्हा क्रूझमध्ये (उंचीवरच्या स्थिर उड्डाणात) पाय खुशाल जमिनीवर ठेवा.

बसणं जमल्यावर सरावासाठी मुंबईची धावपट्टी २७ (म्हणजे साधारण २७० अंशांकडे, पश्चिमेला तोंड असलेली) घ्या आणि वारा २३० अंशांवरून १५ नॉट लावा. पावसाळी नैऋत्य वारा असाच डावीकडून येतो. त्यातला आडवा भाग साधारण १० नॉट होतो, आणि १७२ साठी १५ नॉटपर्यंतचा आडवा वारा प्रत्यक्ष उतरून दाखवलेला आहे. नाक डावीकडे ठेवून या, जमिनीजवळ उजव्या पेडलने नाक सरळ करा आणि त्याच वेळी डावा पंख थोडा खाली धरा. हे करताना खुर्ची इंचभरही सरकली तर पट्टा पुन्हा आवळा. आणि एवढं करूनही नडगीऐवजी गुडघ्याच्या आत दुखू लागलं, तर तुमच्या पेडल्समधलं अंतर तुमच्या कमरेच्या मानाने अरुंद असू शकतं. तसं असेल तर ते खुर्ची बदलून सुटत नाही, रुंद पेडल्सच घ्यावी लागतात. मॉडेलचं नाव आणि दोन पेडल्समधलं अंतर मोजून लिहा, मग त्याबद्दल नेमकं सांगता येईल.