नागपुरी संत्रं: जात, प्रजाती की वाण?

विचारणा अशी आहे: नागपूरच्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शनासाठी मुलं संत्र्याचा तक्ता करताहेत. 'नागपुरी संत्रं ही एक प्रजाती आहे' असं लिहायचं की 'जात आहे' असं, यावर मुलांचं आणि बाईंचं एकमत होईना.

दोन्ही लिहू नका. नागपुरी संत्रं हा वाण आहे, म्हणजे एकाच जातीतला लागवडीचा एक प्रकार.

आपल्या पाठ्यपुस्तकांतली उतरंड सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती अशी आहे. प्रजाती मोठी, जाती तिच्या पोटातली. वाघ आणि बिबट या पँथेरा या एकाच प्रजातीतल्या दोन जाती. तरी 'वाघ ही संकटग्रस्त प्रजाती' असं मराठीत सर्रास छापून येतं. हिंदी बातम्यांत जातीलाच 'प्रजाति' म्हणतात, आणि नागपुरात घरात मराठी, बाजारात हिंदी, त्यामुळे सरमिसळ होणारच. पण मला दुसरं कारण जास्त खरं वाटतं. 'जात' म्हटलं की माणसांच्या जाती डोळ्यांपुढे येतात आणि लिहिणारा बिचकतो. म्हणून नेमका शब्द टाकून चुकीचा घ्यावा, हे मला पटत नाही.

शास्त्रीय नावात पहिला शब्द प्रजातीचा असतो, दुसरा तिच्यातली नेमकी जाती सांगतो. अशी दोन शब्दांची नावं रूढ करणाऱ्या लिनियस या शास्त्रज्ञाने १७५८ साली वाघाला फेलिस टायग्रिस म्हटलं. पुढे वाघ पँथेरात गेला, प्रजाती बदलली, टायग्रिस मात्र तसंच राहिलं.

संत्र्यात तर हा फरक झाडावरच दिसतो. नागपूरजवळच्या काटोलकडच्या एखाद्या बागेत बुंध्याशी वाकून बघा. जमिनीपासून थोडं वर सांधा दिसतो. खाली खुंट, म्हणजे मुळांकडचा भाग, जंभेरी या लिंबूवर्गीय झाडाचा; वर डोळा, म्हणजे कळी, भरून वाढवलेला भाग संत्र्याचा. सांध्याखालून फुटवा आला तर तो जंभेरीचा, म्हणून बागाईतदार तो लगेच काढून टाकतो. एकाच झाडात दोन जाती, पण प्रजाती एकच, सिट्रस. इतकं जवळचं नातं असल्यानेच डोळा जीव धरतो.

मात्र सिट्रसमध्ये जाती किती, यावर शास्त्रज्ञांचंही एकमत नाही. अमेरिकेच्या स्विंगल यांनी १६ मानल्या, जपानच्या तानाकांनी १६२! या झाडांचा आपसांत सहज संकर होतो, त्यामुळे रेघ कुठे ओढायची हा खरोखरच अवघड प्रश्न आहे. जंभेरीला तानाका स्वतंत्र जाती मानतात, स्विंगल तिला लिंबू (लेमन) या जातीतच धरतात.

शेतकरी 'यंदा सोयाबीनची कोणती जात पेरली?' असं विचारतो तेव्हा त्याला वाणच म्हणायचा असतो. बोलण्यात ते बरोबरच आहे, तक्त्यावर मात्र 'वाण' लिहा.

म्हणजे तक्ता असा होईल: कुल रुटेसी, प्रजाती सिट्रस, जाती सिट्रस रेटिक्युलाटा, वाण नागपुरी संत्रं. जागा उरली तर बेल, कवठ आणि गोडनिंबाचं (कढीपत्त्याचं) एकेक पान चिकटवा, तीही याच कुलातली. चिकटवण्याआधी मुलांना ती पानं उजेडासमोर धरायला सांगा. तेलाच्या ग्रंथींचे बारीक पारदर्शक ठिपके दिसतात, आणि पान चुरगळलं की वास येतो तो त्यांचाच.