शिंकणाऱ्या मुलीला इम्युनॉलॉजी झेपेल का?

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे. धुळीची ॲलर्जी, सर्दी-शिंका कायमच्याच. रक्तात टोटल आयजीई (ॲलर्जीत वाढणारी अँटीबॉडी) 800 निघालं, तेव्हापासून तिला इम्युनॉलॉजीत, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या शास्त्रात, संशोधन करायचंय. प्रतिकारशक्ती कमजोर असलेल्या मुलीला लॅब झेपेल का? की नीटच द्यायला लावू? – एक आई, चिपळूण

ताई, तिची प्रतिकारशक्ती कमजोर नाही, नको तिथे अंगावर धावून जाणारी आहे. आयजीई अँटीबॉडी खरी उपयोगी पडते ती जंतांसारख्या परजीवींविरुद्ध. इतर अँटीबॉडींच्या मानाने रक्तात ती नगण्य असते, पण नाकातल्या, त्वचेतल्या मास्ट पेशींवर (ॲलर्जी भडकवणाऱ्या पेशींवर) आठवडेच्या आठवडे चिकटून राहते. धुळीतल्या सूक्ष्म किड्यांच्या प्रथिनाने शेजारच्या दोन आयजीई जोडल्या, की पेशी हिस्टामीन हे खाज-सर्दी आणणारं रसायन ओतते आणि शिंका सुरू. नुसत्या 800 वर जाऊ नका, जंत झाले तरी हा आकडा चढतो. कशाचं वावडं आहे ते प्रिक टेस्ट (त्वचेवर टोचून करायची ॲलर्जीची चाचणी) आणि लक्षणं मिळून ठरतं.

विषय मात्र पोरीने झकास निवडलाय. किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने 1966 मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला ही अँटीबॉडी ओळखली, तीही स्वतःच्या त्वचेत टोचून बघत. 2003 मध्ये आयजीईलाच पकडणारं ओमालिझुमॅब हे औषध तिथे दम्यासाठी मंजूर झालं.

तुमची लॅबची शंका अगदीच अनाठायी नाही, पण अडचण आहे ती प्रयोगासाठी पाळलेल्या उंदरांची. त्यांच्या मूत्रातल्या प्रथिनांची ॲलर्जी लॅबमध्ये काम करणाऱ्यांना होते, आणि आधीच ॲलर्जिक असणाऱ्यांना जास्त. म्हणून पुढे गाइड निवडताना माणसांच्या रक्ताचे नमुने, पेशी किंवा कॉम्प्युटरवरच्या विश्लेषणाचं काम बघावं. ॲलर्जीच्या डॉक्टरांनाही हे आताच विचारून ठेवा.

वाट म्हणाल तर मायक्रोबायोलॉजी किंवा बायोटेकमध्ये बीएस्सी, एमएस्सी, मग नेट ही पात्रता परीक्षा देऊन पीएचडी. पुण्यात एनसीसीएस (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र), दिल्लीत राष्ट्रीय इम्युनॉलॉजी संस्था आहे. रुग्ण तपासायची हौस असेल तर नीट, एमबीबीएस, एमडी. क्लिनिकल इम्युनॉलॉजीत डीएमही (एमडीनंतरची सुपरस्पेशालिटी पदवी) होतं. ही वाट लांबची आणि खर्चिक, नुसत्या प्रतिष्ठेपायी धरू नका.

यंदा नीटबरोबर आयसर या केंद्राच्या विज्ञान संस्थांच्या आयएटी या प्रवेश परीक्षेचाही फॉर्म भरा. त्यात गणिताचेही प्रश्न असतात, बायोलॉजीच्या नादात तिने गणित सोडलं असेल तर आत्तापासूनच बसवा.